हेलेन शेर्फबेक यांची उतारवयातील आत्मचित्रे

प्रश्न (दादर): फिनलंडच्या चित्रकार हेलेन शेर्फबेक (१८६२–१९४६) यांचे विशीतले आत्मचित्र आणि १९४४-४५ मधली आत्मचित्रे मी शेजारी ठेवून पाहत आहे. पहिल्यात गालांवरची लालीसुद्धा जपून उतरवली आहे. शेवटच्या चित्रांत चेहरा कवटीकडे झुकलेला, डोळे खोबणीत हरवलेले. जे. जे. मध्ये व्यक्तिचित्रण शिकताना आम्ही साम्याला पहिला मान दिला, म्हणून विचारतो: ही ऐंशी ओलांडलेल्या हाताची मर्यादा मानावी का?

उत्तर (गिरगाव): मला तसे वाटत नाही, कारण वगळण्याची ही ओढ फार आधीची आहे. १९१५ चे काळ्या पार्श्वभूमीचे आत्मचित्र पाहावे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईंचा पांढराफटक चेहरा, कडेला कुंचल्यांचे लाल भांडे आणि मागच्या काळ्या रंगात थडग्यावरच्या लेखासारखी स्वतःच्याच नावाची अक्षरे. लावलेला रंग खरवडून कॅनव्हासचा पोत उघडा करण्याची पद्धतही त्यांच्या हाताला केव्हाच बसली होती. १९४४ च्या एका आत्मचित्रात पुसट, करड्या चेहऱ्यावर खालच्या ओठाशी एकच लाल ठिपका आहे. तो बोटाने झाकून पाहा. सगळा चेहरा मागे विरून जातो. इतकी नेमकी जागा थकलेल्या हाताला योगायोगाने सापडत नाही.

उत्तर (विलेपार्ले): वरील मताशी मी सहमत आहे, तरी शरीराचा विचार सोडू नये. चौथ्या वर्षी जिन्यावरून पडून त्यांच्या कंबरेच्या सांध्याला इजा झाली आणि त्या जन्मभर लंगडत चालल्या. रंगवण्याची ताकद कमी पडू लागली तेव्हा आरशातले मॉडेल कायम हाताशी असते, मात्र स्वतःला पाहणे मुळीच सुखाचे नाही, अशा आशयाचे त्यांनी पत्रात लिहिले होते. तरीही युद्धकाळात स्वीडनमधल्या सॉल्टशबाडेनच्या हॉटेलात राहत असताना, अखेरच्या दोनेक वर्षांत त्यांनी सुमारे वीस आत्मचित्रे केली. आपल्याकडे अमृता शेरगिल अठ्ठाविसाव्या वर्षीच गेल्या, त्यामुळे त्यांची तरुणपणीचीच आत्मचित्रे आपल्यापाशी आहेत, याची हळहळ मला अशा वेळी फार वाटते. आपण केवळ दोन टोके पाहत आहात; मध्ये १९१२ आणि १९१५ ची आत्मचित्रे ठेवून क्रमाने पाहिलीत, तर साम्य नेमके कोठे सुटू लागले ते दिसेल.