तुम्ही मोठा फुटबॉल क्लब सोडून बारक्या क्लबाचे कधी झालात? (अनुभव धागा)

टिळकवाडीचा लेफ्टबॅक:
काल बेळगावात लेले ग्राउंडवर पोरांचा खेळ बघत उभा होतो. एका बारक्याच्या अंगात गोव्याच्या साळगावकर क्लबाचा हिरवा शर्ट, पार गुडघ्यापर्यंत आलेला. साळगावकर आय-लीगमधून, म्हणजे राष्ट्रीय लीगमधून, बाहेर पडली २०१६ ला, तेव्हा हे पोरगं पाळण्यात असणार. काकाचा नाहीतर मामाचा शर्ट असेल. म्हटलं धागा काढूया.

मी १९९९ पासून मँचेस्टर युनायटेडवाला. बार्सिलोनातली ती चॅम्पियन्स लीगची फायनल, इंज्युरी टाइममध्ये शेरिंगहॅम आणि सोल्शारचे गोल, बायर्नची पोरं मैदानात आडवी. आमच्या गल्लीत रात्री फटाके लागले होते. ती भक्ती दहा-बारा वर्षं टिकली. मग मडगावात नोकरीला असलेल्या मावसभावानं २०१०-११ च्या सीझनला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर साळगावकरची मॅच बघायला नेलं. अर्ध्याहून जास्त स्टँड रिकामा. पण साळगावकरच्या जपानी सुएओकाला मी इतक्या जवळून पळताना बघितलं की त्याचा दम लागलेला ऐकू येत होता. मागचा म्हातारा कोकणीतनं लाइन्समनच्या सात पिढ्या काढत होता, आणि मला प्रत्येक शब्द कळत होता! ओल्ड ट्रॅफर्डवर काय ओरडतात ते मला आजपर्यंत धड कळलेलं नाही. त्या वर्षी कोच करीम बेंचरीफाच्या हाताखाली साळगावकर चॅम्पियन झाली आणि मी कायमचा हिरवा झालो.

पाच वर्षांत क्लब राष्ट्रीय लीगमधून गेला. आता गोव्याच्या लीगमध्ये खेळतो. सगळे म्हणाले एफसी गोवाचा हो. नाही जमलं. तुमचं सांगा. युरोप, गोवा, कोल्हापूर, गल्लीतली टीम, काहीही चालेल.

येळ्ळूरचा गोलकीपर:
पयला! म्हशीची धार काढून येतो मग वाचतो

शिवाजीपेठ ते निपाणी:
माझं माहेर कोल्हापूरची शिवाजी पेठ, त्यामुळे शिवाजी तरुण मंडळ सोडून दुसऱ्या टीमचं नाव घरात काढायचं नाही. पाटाकडीलविरुद्ध मॅच असली की आई कुकर लावायची नाही, शिट्टीनं कॉमेंटरी ऐकू येत नाही म्हणून. लग्न करून निपाणीला आले. इथं सासरे क्रिकेटवाले, नवरा कशातच नाही. मग भाचा कोल्हापूरच्याच फुलेवाडी टीमकडून खेळायला लागला. पहिल्यांदा शाहू स्टेडियमवर फुलेवाडीच्या बाजूनं ओरडले तेव्हा थोरला भाऊ दोन रांगा पुढं बसलेला. वळून बघितलं नाही त्यानं, पण मान लाल झालेली मला मागून दिसली. भाऊबीजेला आला, ओवाळून घेतलं, ताटात पैसे टाकले आणि म्हणाला, "हे फुलेवाडीकडनं घे." अजून तसाच आहे.

बेळगावी कुंदा:
@शिवाजीपेठ ताई, कुकरचं वाचून ऑफिसात हसायला लागलो, साहेब बघूलाय

रात्रीचा रेफरी:
मी लिव्हरपूलवाला होतो, आता लंडनच्या एएफसी विम्बल्डनचा. लोक हसतात. ऐका.

जुन्या विम्बल्डननं १९८८ च्या एफए कप फायनलमध्ये लिव्हरपूलला १-० हरवलं, म्हणजे आमचे दुष्मनच. पण २००२ मध्ये तो क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली. लंडनपासून लांबच्या वेगळ्याच गावाला. चाहत्यांनी काय केलं, तर मागं राहून स्वतःचा नवा क्लब काढला. मोकळ्या माळावर ट्रायल ठेवली, जो येईल त्याला खेळवून बघितलं आणि इंग्लंडच्या लीगच्या नवव्या पायरीवरनं सुरुवात केली. २०११ ला चौथ्या पायरीवर, फुटबॉल लीगमध्ये पोचले. २०२० ला प्लाऊ लेनवर परत आले, जुन्या ग्राउंडच्या जवळच. मालक कोण, तर चाहत्यांचा ट्रस्ट.

आपल्याकडं १९५६ ला माणूस जागेवर राहिला आणि राज्य बदललं. त्यांच्याकडं माणूस जागेवर राहिला आणि क्लब गेला. मला हे लगेच पटतं, पुण्यातल्या मित्रांना समजावून सांगावं लागतं.

बेळगावी कुंदा:
आला आला सीमाप्रश्न आला 😂 कुठलाही धागा काढा, दहाव्या कमेंटच्या आत १९५६ येणारच

रात्रीचा रेफरी:
चौथ्यात आणला, रेकॉर्ड

कॅम्पातला स्ट्रायकर:
मेस्सी बार्सिलोनाला, मी बार्सिलोनाला. २०२१ ला मेस्सी पॅरिसला, मी पॅरिसला. मग मायामी. मायामी बारका क्लब धरायचा का?

टिळकवाडीचा लेफ्टबॅक:
काय गा, तू क्लब बदलूलास कुठं? तू वऱ्हाडी. नवरा जाईल तिकडं तुझं ताट.

खानापूरकर:
माझी गोष्ट उलटी आहे. आमचं घर आधी गोव्याच्या डेंपो क्लबाचं. राष्ट्रीय लीगची पाच विजेतेपदं, त्यामुळे बाबांचा रुबाब असायचा. २०१३ ला बेंगळुरू एफसी निघाली आणि मी नोकरीला बेंगळुरात, मित्रांबरोबर मॅचला जायला लागलो. एप्रिल २०१४ मध्ये पहिल्याच सीझनला त्यांनी आय-लीग जिंकली, तीही फातोर्ड्याला डेंपोलाच ४-२ हरवून. बाबांनी फोन उचलला नाही. गावातले म्हणायला लागले की मराठी माणूस असून बेंगळुरूच्या नावानं ओरडतोस? मी काय उत्तर देणार!

मग २०१९ ची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल. बेंगळुरू विरुद्ध गोवा, मॅच मुंबईत, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये हेडर मारून कप जिंकून दिला कुणी, तर राहुल भेकेनं. मुंबईचा मराठी पोरगा. आता सांगा, आमच्या ओसरीवर कुणी कुणाकडनं नाचायचं? बाबा गोव्याकडनं रडले आणि भेकेसाठी टाळ्याही वाजवल्या. आई म्हणाली, दोघंही झोपा आता.

सध्या मी परत डेंपोकडं वळलोय. खालच्या लीगमधून २०२४ ला आय-लीगमध्ये परत आले, ते बघवलं नाही गप्प बसून. बाबा आता बोलतात.

येळ्ळूरचा गोलकीपर:
आलो. सगळं वाचलं. मी मिझोरमच्या ऐजॉलवाला, एका सीझनपुरता का असेना. खाली ढकललेली टीम, गोव्याचे क्लब बाहेर पडल्यावर परत आत घेतली, आणि २०१७ ला थेट चॅम्पियन. शेवटच्या दिवशी शिलाँगला १-१, मोहन बागानपेक्षा एक पॉइंट जास्त. कोच खालिद जमील. म्हणजे लेफ्टबॅक, तुमच्या टीमनं रिकामी केलेल्या जागेवर बसून त्यांनी कप नेला की. राग येत नाही काय?

टिळकवाडीचा लेफ्टबॅक:
येतो. पण शिलाँगच्या त्या मॅचला मी पण ऐजॉलच्याच बाजूनं ओरडलो. मोहन बागानला कोण द्या म्हणणार!

बेळगावी कुंदा:
माझा मोठा क्लबही नाही, बारकाही नाही. मी फक्त कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचा. २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला तेव्हापासून. तो जमशेदपूरला गेला, मी जमशेदपूरचा झालो.

कॅम्पातला स्ट्रायकर:
मग मला एकट्याला वऱ्हाडी का म्हटला 😡

बेळगावी कुंदा:
मी घरच्या लग्नातला वऱ्हाडी आहे. तू दुसऱ्याच्या मांडवात घुसून जेवूलास.

शिवाजीपेठ ते निपाणी:
अनिकेतचा विषय निघाला म्हणून विचारते, कुणाची पोरगी फुटबॉल खेळते का? माझी बारा वर्षांची, निपाणीत मुलींची टीम मिळेना. पोरांच्यात खेळते, पण मॅचला घेत नाहीत. बेळगावला शनिवार-रविवार सोडलं तर चालेल.

खानापूरकर:
ताई, बेळगावात मुली खेळतात, कॅम्प भागात बघितल्यात सकाळी. चौकशी करून मेसेज टाकतो. पोझिशन काय?

शिवाजीपेठ ते निपाणी:
स्टॉपर. मामाच्या पोराला परवा असा आडवा पाडला की बोलायचं काम नाही.

रात्रीचा रेफरी:
कुठल्या मामाच्या? भाऊबीजेच्या?

शिवाजीपेठ ते निपाणी:
त्याच 🙏

येळ्ळूरचा गोलकीपर:
डेंपोची मॅच असली की कोण कोण जाणार? रेल्वेनं गेलो तर लोंढ्यावरनं जाता येतं, दूधसागर फुकटात. चोर्ला घाटानं जायचं असेल तर रस्ता बघून सांगा, मागच्या पावसात माझ्या गाडीचं सस्पेन्शन गेलं.

खानापूरकर:
रेल्वे. बाबांना पण आणतो, पण त्यांना खिडकी पाहिजे.