महागाई पाव टक्क्यावर, तरी रोख्याचा भाव पडलेलाच. असं का?

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. जरा समजावून सांगा.

मे २०२५ मध्ये बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून रिटेल डायरेक्टवर (रिझर्व्ह बँकेचं सरकारी रोखे थेट घेण्याचं पोर्टल) केंद्र सरकारचा ६.३३ टक्के २०३५ हा दहा वर्षांचा रोखा घेतला, साधारण शंभरच्या भावाने. हिशेब सोपा वाटला होता: महागाई उतरतेय, रिझर्व्ह बँक व्याज कापतेय, म्हणजे यील्ड (आजच्या भावाने रोखा घेतल्यास मिळणारा वार्षिक परतावा) खाली आणि भाव वर. ६ जूनला रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते तो) एकदम अर्धा टक्का कापून ५.५० केला आणि तिथूनच यील्ड चढायला लागलं! ऑगस्टअखेर साडेसहाच्या वर, भाव अठ्ठ्याण्णवच्या आसपास. ऑक्टोबरचा महागाई दर ०.२५ टक्के आला, तरी यील्ड साडेसहालाच चिकटलेलं. बाबा रोज विचारतात, 'सरकारीच आहे ना रे?'

यील्ड म्हणजे अपेक्षित महागाई, खरा व्याजदर (महागाई वजा जाता उरणारा) आणि जोखमीचा अधिभार, असं वाचलंय. मग महागाई पाव टक्का असेल तर उरलेले सव्वासहा कसले?

जोडप्रश्न: महाराष्ट्र सरकारचे रोखे याहून जास्त देतात. राज्य बुडेल म्हणून?

प्रतिसाद:
गल्लत 'अपेक्षित' या शब्दात आहे. ०.२५ हा मागच्या वर्षभराचा आकडा, तोही भाज्या स्वस्त झाल्याने आणि ऑक्टोबर २०२४ मधल्या ६.२१ शी तुलना झाल्याने इतका खाली. बाजार २०३५ पर्यंतचं बघतो, आणि रिझर्व्ह बँकेचं लक्ष्यच ४ टक्के. ढोबळ धरा: ४ महागाईचे, दीड खऱ्या व्याजाचा, एक मुदतीच्या जोखमीचा. हे तुकडे बाजारात वेगळे दिसत नाहीत, अंदाजच बांधावा लागतो.

जूनमध्ये कपातीबरोबरच रिझर्व्ह बँकेने धोरणाचा कल तटस्थ केला, म्हणजे पुढे दर कुठल्याही बाजूला जाऊ शकतो. बाजाराने ओळखलं, पुढे फार कपात नाही. १५ ऑगस्टला जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली तेव्हा सरकार जास्त कर्ज काढेल ही धास्ती. तिथे अधिभार वाढला.

राज्याचं म्हणाल तर बुडण्याची भीती नगण्य. पण मध्येच विकायला गेलात तर गिऱ्हाईक पटकन मिळत नाही, आणि राज्यांच्या नव्या रोख्यांचे लिलाव आठवड्यागणिक चालूच, म्हणजे पुरवठाही भरपूर. जादा व्याज मुख्यतः त्याचं.

धागाकर्ता:
आभारी आहे, बरंच सुटलं. बाबांना २०३५ पर्यंत विकायचंच नाही, तेव्हा भाव बघणं सोडतो. पण मध्ये दोन-तीन वर्षं महागाई ६ वर गेली तर हे ६.३३ पुरणार कसे? कोणी फ्लोटिंग रेटवाले (ज्यांचं व्याज ठरावीक काळाने बदलतं ते) रोखे घेतलेत का?