आठवणींची पेटी: कापडाला फुगे, झाकण अडकतं

आकाशकंदील:
दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून आठवणींची पेटी करायची आहे. वरून आजीच्या जुन्या इरकलीचं कापड. आत बाळाचे वाळे, जावळ, पत्रं, फोटो. मुलं ६ आणि १० वर्षांची. बुटाच्या खोक्यावर एकदा करून पाहिली, पण कापडाला फुगे आले, झाकण वाकलं आणि शेवटी बसेचना. मापांसकट कुणी सांगेल का?

पुठ्ठाबांधणी:
बुटाचं खोकं नको, ओल्या गोंदानं ते ढिलं पडतं. बाइंडिंगचा २ मिमी जाडीचा करडा पुठ्ठा आणा.

तळ २० × १५ सेंमी. लांब भिंती २० × ८, दोन. आखूड भिंती १५.४ × ८, दोन. भिंती तळाच्या बाहेरून उभ्या करायच्या, आखूड भिंतींनी लांब भिंतींच्या कडा झाकायच्या. म्हणून ते जादा ४ मिमी. पेटी बाहेरून २०.४ × १५.४ भरते.

झाकणाचं आतलं माप यापेक्षा ३ मिमी मोठं हवं. पेटीच्या बाहेर कापड, झाकणाच्या आत दुमडलेलं कापड आणि अस्तराचा कागद, ही सगळी जाडी त्या ३ मिमीत मावते. तुमचं झाकण इथेच अडकलं. तेव्हा झाकणाचा माथा २०.७ × १५.७, पट्ट्या २०.७ × ३ दोन आणि १६.१ × ३ दोन. झाकण मात्र पेटीला कापड लावून ती वाळल्यावर, पुन्हा मोजूनच कापा. इरकल जाड निघाली तर ३ मिमीही कमी पडतात.

भिंतींचं कापड ७३ × ११ सेंमी, म्हणजे वरखाली दीड-दीड सेंमी दुमडायला मिळतं. फेविकॉल ३ भाग, पाणी १ भाग. हा गोंद पुठ्ठ्याला लावा, कापडाला नाही, आणि इतकाच की ब्रशच्या रेघा दिसल्या पाहिजेत. गोंदाचं तळं साचलं की फुगा आलाच, शिवाय कापडावर काळपट डागही उमटतो. कापड मधून कडेकडे दाबत जा.

झाकण वाकण्याचं कारण वेगळं. ओलं कापड वाळताना आक्रसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. आतून त्याच दिवशी अस्तराचा कागद चिकटवला तर ओढ दोन्हीकडून सारखी होते. वर बटर पेपर, त्यावर जाड पुस्तकं, रात्रभर.

सुईदोरा:
इरकल कापण्याआधी पांढरा ओला रुमाल तिच्यावर घासून बघा. रंग रुमालावर उतरला तर तो गोंदातही उतरणार. कापड जुनं, विरलेलं असेल तर शिंपी वापरतात ते इस्त्रीनं चिकटणारं फ्यूजिंग मागून लावा. गोंद वर येत नाही आणि कापताना दोरे सुटत नाहीत. काठ झाकणाच्या पट्टीवर घ्या, तिथे तो उठून दिसतो.

कागदपत्र:
आतल्या वस्तूंबद्दल. वाळ्यांना रबरबँड कधीही लावू नका, रबरातल्या गंधकानं चांदी काळी पडते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. फोटोंना सेलोटेप नको, तिचा गोंद पिवळा पडून फोटोवर उतरतो. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळ्या पाकिटात ठेवा, त्या कागदातल्या आम्लानं शेजारचं पत्रही तपकिरी होतं.

कणकेची खळ वापरायचा मोह टाळा. कसर त्यावरच येते, आणि पावसाळ्यात बुरशी. पूर्वीचे बाइंडर खळीत मोरचूद घालत, पण ते विषारी आहे, मुलं हात घालणार असतील तर मुळीच नको. पेटी आठवडाभर उघडी वाळवा, मगच भरा. नाहीतर गोंदातली ओल आतच कोंडते.

आकाशकंदील:
मनापासून आभार. ६ वर्षांच्या मुलाला काय काम देऊ? त्याला वारली काढायची आहे.

पुठ्ठाबांधणी:
ब्लेड मोठ्यांच्याच हातात. १० वर्षांच्या मुलीकडे किंवा मुलाकडे मोजणं आणि आखणं द्या, धाकट्याकडे चमच्याच्या पाठीनं कापड दाबणं. ते लहान हातांना छान जमतं. वारली त्याला वेगळ्या जाड कागदावर काढू दे, गेरू रंगाची जमीन आणि पांढरी चित्रं, मग तो कागद पेटीवर चिकटवा. रंग ॲक्रिलिक घ्या, पोस्टर कलर गोंदाचा ब्रश फिरताच पसरतो. बारीक हातपायांसाठी ब्रशऐवजी टूथपिक द्या. आरसे लावायचे तर झाकण दाबून, पूर्ण वाळून निघाल्यावर, आणि कडेपासून १ सेंमी आत.