सांधे सुजले की आधी चालू औषधं बघा

सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसांत घट्ट कफ साचून वारंवार संसर्ग होणारा जनुकीय आजार) असलेल्या मुलाचा गुडघा अचानक सुजतो, आठवड्याभरात आपोआप उतरतो, एक्स-रे स्वच्छ येतो, असं एका पालकांनी लिहिलंय. या आजारात असा येणारा-जाणारा संधिवात दिसतो. कधी सोबत पुरळही उठतं. बोटांची टोकं फुगीर आणि मनगट-घोटे सतत ठणकत असतील तर प्रकार वेगळा: लांब हाडांच्या आवरणाखाली नवं हाड साचतं, एक्स-रेत ते दिसतं, आणि छातीचा संसर्ग आटोक्यात आल्याशिवाय दुखणं सहसा हटत नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिन (एक अँटिबायोटिक, याने टाचेमागच्या कंडरेला इजा होऊ शकते) चालू असताना टाचेच्या मागे वरच्या बाजूला दुखलं तर पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना फोन करा. आणि कृपा करून, शिरेतून टोब्रामायसिन किंवा अमिकासिन ही अँटिबायोटिक्स चालू असताना आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी स्वतःहून देऊ नका. ही अँटिबायोटिक्स आणि आयबुप्रोफेन, दोन्हींचा मारा मूत्रपिंडावर होतो. तापासोबत एकच सांधा लाल, गरम झाला तर त्याच दिवशी सांध्यातलं पाणी तपासून घ्यायला हवं.