मदत हवी आहे: मुंबईत रोज चालवण्यासाठी, भारतात ५३ लाखांना आलेली हॉट हॅचबॅक घ्यावी का?

नमस्कार. मी मुलुंडला राहतो, नोकरी अंधेरीच्या एमआयडीसीत आहे आणि गेली पाच वर्षे १.० लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची पोलो स्वतः चालवतो. गाडी नीट आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. तरीही गेले काही महिने फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ही हॉट हॅचबॅक, म्हणजे मोठ्या इंजिनाची छोटी गाडी, मनातून जात नाही, आणि हा खर्च माझ्या ऐपतीत बसतो की मी तो ओढूनताणून बसवतो आहे, हे मला एकट्याला ठरवता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

ही गाडी भारतात मे २०२५ मध्ये आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत सुमारे ५३ लाख होती. ती इथे जुळवली जात नाही, पूर्ण तयार होऊन आयात होते, आणि म्हणून किमतीचा मोठा भाग लोखंड, रबर आणि कारागिरी यांचा नसून आयात शुल्काचा आहे. मोटार वाहन कर, विमा आणि दहा लाखांवरच्या गाडीला लागणारा एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर, जो विवरणपत्रात वळता करून घेता येतो) धरून मला मिळालेले कोटेशन ६० लाखांच्या बरेच वर गेले आहे. एवढ्या पैशांत लोक ऐसपैस, उंच, सात माणसांच्या गाड्या घेतात. मी घेणार ती गाडी लांबीने ४.३ मीटरांच्या आत आहे आणि शेजाऱ्यांना ती माझ्या सध्याच्या गाडीची थोरली बहीण वाटेल. मला त्याचे काही वाटत नाही. उलट आपली गाडी ओळखू न येणे मला आवडते. पण घरात प्रश्न विचारला जातो तो नेमका हाच, आणि माझ्याकडे त्याचे चांगले उत्तर नाही.

माझ्या मनात जे आहे ते असे. छोट्या, रोजच्या वापराच्या गाडीत मोठे इंजिन बसवून तिचे वळणांवरचे वागणे सुधारायचे, पण मागची सीट, डिकी आणि साधेपणा सोडायचा नाही, ही हॉट हॅचबॅकची मूळ कल्पना मला पूर्णपणे पटते. पहिली गोल्फ जीटीआय १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दाखवली गेली आणि १९७६ मध्ये विक्रीस आली. तिचे इंजिन ११० पीएसचे (पीएस म्हणजे साधारण एक हॉर्सपॉवर) होते आणि कंपनीचा विचार अवघ्या ५,००० गाड्या बनवण्याचा होता. प्रत्यक्षात त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. सीटचे चौकड्यांचे कापड आणि गिअरच्या दांड्यावरचा गोल्फच्या चेंडूसारखा गोळा ही गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या महिला डिझायनरची कल्पना होती, आणि ते चौकड्यांचे कापड आजच्या गाडीतही आहे. शक्तीच्या आकड्यात माझी पोलो त्या पहिल्या जीटीआयच्या बरोबरीची आहे, ही गोष्ट मला फार आनंद देते; मात्र ती जुनी गाडी जेमतेम आठशे किलोंची होती, हेही विसरता येत नाही.

आजच्या गाडीत १,९८४ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे, २६५ पीएस आणि ३७० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचांचा स्वयंचलित गिअरबॉक्स), आणि शून्य ते शंभर ५.९ सेकंदांत. मी टेस्ट ड्राइव्ह घेतली ती जेमतेम पाऊण तासाची. पूर्वद्रुतगती मार्गावर सरळ रेषेत पळवण्यात मला फारसे विशेष वाटले नाही, कारण दोन सेकंदांत समोर टेम्पो येतोच. पण एका उड्डाणपुलाच्या उताराला, उजवीकडे वळणाऱ्या रस्त्यावर, वळण संपण्याआधीच मी अॅक्सिलरेटर दिला आणि गाडीचे तोंड बाहेर जाण्याऐवजी आत ओढले गेले. पुढच्या दोन चाकांनाच वळवायचे आणि ओढायचेही काम असले की शक्ती वाढताच आतले चाक जागेवर फिरू लागते आणि गाडी सरळ पळू पाहते. या गाडीत पुढच्या आसावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे लॉकिंग डिफरन्शियल आहे, जे बाहेरच्या चाकाकडे जास्त जोर वळवते. हे मी वाचले होते, पण हातात स्टेअरिंग असताना ते कळणे निराळे. घरी येईपर्यंत मी दुसरा कुठलाही विचार केला नाही.

आता अडचणी. माझा रोजचा रस्ता जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, जिथे संध्याकाळी पवईपासून गांधीनगरपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पुढे जाता येत नाही. सागरी किनारा मार्गावर वेगमर्यादा ८० आहे, त्याच्या बोगद्यात ६०, अटल सेतूवर १००, आणि पुण्याच्या द्रुतगती मार्गावर कॅमेरे आहेत. कायदा मोडून गाडी पळवण्याची मला इच्छा नाही. म्हणजे ही शक्ती वापरायची ती महिन्यातून एकदा, गुहागरजवळच्या गावी जाताना. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीचा बोगदा झाल्यापासून जुना घाट टळतो, मी मात्र रस्ता मोकळा असला की मुद्दाम जुन्या घाटाने जातो, आणि तो अर्धा तास माझ्या महिन्यातला सर्वांत आनंदाचा असतो.

शिवाय गाडीचे पोट जमिनीपासून सुमारे १३६ मिलिमीटर वर आहे, म्हणजे सध्याच्या गाडीपेक्षा जवळजवळ तीन सेंटिमीटर खाली. आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवण्याची यांत्रिक सोय) आहे आणि माझी जागा खालच्या पॅलेटवर, म्हणजे गाडी उभी करायच्या लोखंडी फळीवर आहे. पॅलेटवर चढण्याच्या उतारावर पुढचा बंपर घासेल का, ही माझी खरी चिंता आहे.

पैशांचे सांगायचे तर निम्म्याहून अधिक रक्कम मी साठवली आहे. उरलेल्यासाठी २५ लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ५१,९०० रुपये बसतो आणि व्याजापोटी सहा लाखांहून अधिक जातात. मुलगी आठवीत आहे. हप्ता झेपेल, पण तिच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंत तो चालू राहील. पत्नीचा विरोध नाही; तिचे म्हणणे एवढेच आहे की घ्यायची तर नंतर प्रत्येक ओरखड्याला कपाळाला हात लावू नकोस.

ज्यांनी अशी गाडी मुंबई-ठाण्यात किमान दोन पावसाळे वापरली आहे, त्यांचा अनुभव मला हवा आहे. ‘शौकाला मोल नसते’ असे कृपया लिहू नये, कारण या शौकाचे मोल कोटेशनवर छापलेले आहे.

प्रतिसाद १ (ठाण्याहून)

मी सहा वर्षे एक आयात केलेली, याच जातीची गाडी ठाण्यात वापरतो आहे. कंपनी कोणती ते महत्त्वाचे नाही, अनुभव सारखाच येईल.

पोट घासण्याची भीती तुम्हाला वाटते त्याहून कमी आहे, कारण गतिरोधकावर तिरके चढण्याची सवय पंधरा दिवसांत लागते. खरा शत्रू आहे तो खड्डा, आणि त्याहूनही पेव्हर ब्लॉक निघालेल्या जागेची सरळ कड. १८ इंची चाकांवरच्या ४० प्रोफाइलच्या टायरची भिंत इतकी आखूड असते की धक्का शोषायला रबरच उरत नाही. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या दोन टायरांना फुगे आले, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. चार टायरांचा संच मला पाऊण लाखाच्या आसपास पडला. दर पावसाळ्यासाठी एका टायरचा खर्च बाजूला ठेवा, म्हणजे मनस्ताप होणार नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेताना हवेच्या नळीतून पाणी इंजिनात गेले तर सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घ्यावी लागते. ती घ्याच, आणि सोबत रिटर्न टू इनव्हॉइसही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाची रक्कम देणारी जोड) घ्या. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी मी लोकलने जातो. असे दिवस वर्षातून सात-आठ येतात.

सुट्या भागांसाठी थांबावे लागते, हे गृहीत धरा. माझी पुढची काच दगडाने फुटली तेव्हा नवी यायला सात आठवडे लागले आणि तेवढे दिवस गाडी उभी होती. घरात दुसरी गाडी नसेल तर हा विचार आधी करावा, असे मी आग्रहाने सांगेन. तुम्ही पोलो विकणार आहात की ठेवणार आहात, हे तुम्ही लिहिलेले नाही.

प्रतिसाद २ (दादरहून)

तुमचे लिखाण वाचून असे वाटले की तुम्हाला वळणावरचा आनंद हवा आहे, २६५ पीएस नकोत. तसे असेल तर दोन गोष्टी आधी करून पाहाव्यात.

ह्युंदाई आय-२० एन लाइन एक दिवसभर चालवा. एक लिटरचे टर्बो इंजिन, १२० पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक, सस्पेन्शन आणि स्टेअरिंग साध्या आय-२० पेक्षा घट्ट. टाटा अल्ट्रोझ रेसरही १२० पीएसचीच आहे आणि जून २०२४ मध्ये ती साडेनऊ लाखांच्या आत सुरू झाली होती. या गाड्या गोल्फची बरोबरी करतात असे मी म्हणणार नाही, कारण करत नाहीत. डिफरन्शियलमुळे तुम्हाला जे जाणवले ते या दोन्हींत मिळणार नाही. पण जुन्या कशेडी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये १२० पीएस पूर्ण वापरता येतात, आणि २६५ पैकी निम्म्याला हात लावण्याआधीच पुढचे वळण येते. गाडीची मर्यादा गाठून चालवण्यात एक सुख आहे. मोठ्या शक्तीच्या गाडीत ते फक्त रेसट्रॅकवर मिळते, आणि कोइम्बतूर आणि चेन्नईचे ट्रॅक आपल्यापासून हजार किलोमीटरांपलीकडे आहेत.

दुसरे म्हणजे, याच पैशांतले पर्याय तुम्ही पाहिलेले दिसत नाहीत. मिनी कूपर एस जुलै २०२४ मध्ये सुमारे ४५ लाखांना आली. ती २०४ पीएसची आणि तीन दारांची आहे, त्यामुळे मुलीला मागे बसवताना दर वेळी पुढची सीट सरकवावी लागेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस जवळजवळ ५० लाखांना आली. तिच्यातही २६५ पीएसचेच इंजिन आहे आणि डिकी ६०० लिटरांची. मात्र त्या शंभरच गाड्या आणल्या होत्या, म्हणून आता कोणाकडून वापरलेलीच मिळू शकेल. कुटुंबाच्या दृष्टीने मला तीच सर्वांत शहाणपणाची वाटते, जरी तुमचे मन गोल्फवर आहे हे स्पष्ट दिसते.

पुनर्विक्रीचा हिशोब तीन वर्षांनंतरचा धरू नका. अशी गाडी दहा वर्षे ठेवण्याची तयारी असेल तरच घ्यावी.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पोलो विकण्याचा विचार होता, पण पहिला प्रतिसाद वाचल्यावर तो मी रद्द केला आहे. काच यायला सात आठवडे लागू शकतात, हे मला कोणत्याही परीक्षणात वाचायला मिळाले नव्हते. पोलो ठेवायची तर सोसायटीत दुसरी जागा भाड्याने घ्यावी लागेल, म्हणजे महिन्याचा खर्च आणखी वाढेल, आणि तो मी हप्त्यात धरलेला नव्हता.

आय-२० एन लाइन मी काल चालवली. स्टेअरिंग चांगले आहे आणि गाडी प्रामाणिक आहे, पण माझ्या पोलोपेक्षा ती इतकी निराळी नाही की बारा-तेरा लाख रुपये घालावेत. त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न आता सोपा झाला आहे: एकतर गोल्फ, नाहीतर पोलोच आणखी पाच वर्षे, नवे टायर आणि नवे शॉक अॅब्सॉर्बर घालून. मधला पर्याय माझ्यासाठी उरलेला नाही.

शक्ती वापरली जाणार नाही, हा मुद्दा मला पटतो, परंतु पूर्णपणे नाही. त्या उड्डाणपुलावर माझा वेग साठच्याही आत होता आणि तरीही गाडीचे वागणे मला स्पष्ट कळले. वेग न वाढवता मिळणारा हा आनंद मोजायचा कसा, ते मला अजून उमगलेले नाही.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगची देखभाल करणारा माणूस येणार आहे. पॅलेटच्या उताराची उंची, आतली रुंदी आणि दोन्ही बाजूंच्या खांबांमधले अंतर टेपने मोजून घेणार आहे, कारण आरसे धरून ही गाडी दोन मीटरांहून रुंद आहे. शोरूमने त्याच दिवशी डेमोची गाडी सोसायटीत आणण्याचे कबूल केले आहे. ती पॅलेटवर न घासता चढली, तर पुढचे बोलणे पत्नीशी होईल. नाही चढली तर इथेच थांबेन. ज्यांच्याकडे स्टॅक पार्किंगमध्ये इतकीच खाली असलेली गाडी आहे, त्यांनी उताराला लाकडी फळी किंवा रबरी पट्टी लावून घेतली असल्यास तिची जाडी आणि लांबी किती ठेवली, हे रविवारच्या आत कळवावे, ही विनंती.