मदत हवी आहे: लंडनच्या बेथनल ग्रीनमधली जुनी चर्चेस

नमस्कार मंडळी, लंडनमध्ये राहणारं किंवा चर्चच्या इतिहासाचा अभ्यास केलेलं कोणी आहे का इथे? १८१८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने नवीन चर्चेस बांधायला १० लाख पौंड दिले, १८२४ मध्ये अजून ५ लाख, कारण शहर इतकं फुगलं होतं की जुन्या पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) चर्चमध्ये लोक मावेनात. मग १८३६ ला लंडनचा बिशप (तिथल्या चर्चेसचा प्रमुख) ब्लूमफील्डने ५० चर्चेससाठी वर्गणी मागायला सुरुवात केली आणि त्यातूनच पुढे विणकरांच्या गरीब बेथनल ग्रीनमध्ये १० नवी चर्चेस उभी राहिली, साधी, विटांची, स्वस्तातली.

माझं अडलंय ते इथे. तेव्हा बऱ्याच ठिकाणी पाद्र्याचा पगार बाकांच्या भाड्यातून निघायचा, पैसेवाल्यांना चांगल्या जागा आणि गरिबांना फुकटचे बाक, मग जिथे सगळेच हातावर पोट असलेले तिथे भाडं देणार कोण? बिल्डिंग वर्गणीतून झाली समजा, पण रोजचा खर्च? त्या दहांपैकी सेंट पीटरसारख्या एखाद्या चर्चच्या जमाखर्चाच्या वह्या कुठे बघायला मिळतील, लॅम्बेथ पॅलेस लायब्ररीत (चर्च ऑफ इंग्लंडचं ग्रंथालय) की लंडनच्या सरकारी दफ्तरात? कोणी तिथे जाऊन कागद काढले असतील तर प्लीज सांगा, खूपच मदत होईल.