भिंतीला जखडलेला दिवाण की उचलून नेता येणारी बाज?

तापीकाठ (भुसावळ): नव्या घराचा गिलावा वाळण्याआधीच दिवाण भिंतीला धरून ठोकायचे ठरलेले असते, आणि आपल्या हवेत हे चूक आहे असे माझे ठाम मत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. पूर्वी आपली माणसे उन्हाळ्यात धाब्यावर (घराच्या सपाट मातीच्या छतावर), पावसाळ्यात ओसरीवर आणि थंडीत माजघरात झोपत; ऋतूप्रमाणे अंथरूण हले आणि त्यासोबत बाजही हले. सुतळीच्या विणीतून खालूनही वारा लागतो, फोमच्या गादीत मात्र घाम अडकतो. वीण सैल पडली की वडील बाजेला गुडघा टेकवून पायथ्याकडची दोरी ओढत, आणि तेवढ्याने बाज पुन्हा ताठ होई.

गृहिणी (धुळे): दोरी वडील ओढत असतील, पण संध्याकाळी ती बाज जिन्यावरून वर चढवून सकाळी ऊन येण्याआधी खाली कोण आणत असे? आमच्याकडे ते काम आईचे आणि माझे होते. आज दोन खोल्यांत वर्षाचे गहू, दादर ज्वारी, कुरडया आणि गोधड्या दिवाणाच्या पोटातच मावतात. शिवाय बुटक्या बाजेवरून सासूबाईंना उठवायला दोघी लागतात. गच्ची सामाईक असलेल्या इमारतीत तर बाहेर झोपण्याचा प्रश्नच उरत नाही.

सुतारकाम (यावल): ताईंची अडचण खरी आहे, पण दिवाणाचा दोषही पाहावा. कूलरच्या ओलाव्याने साध्या प्लायच्या कडा फुगतात आणि तळाशी हवा खेळत नसल्याने पावसाळ्यात धान्याला कुबट वास येतो. साग टिकाऊ असला तरी उन्हाळ्यात थोडा आकसतोच, म्हणून मी खिळे न मारता कुसू (एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत) बसवून पाचर ठोकतो. अठरा इंच उंचीची, निवार पट्टीची आणि पाय बोल्टने सुटे होणारी खाट करावी, आणि खाली चाकांच्या दोन पेट्या ठेवाव्यात.

तापीकाठ: उचलण्याचा भार कोणावर पडत होता, हे मी लक्षात घेतले नव्हते, उंचीचा मुद्दाही मान्य आहे. तरीही बाहेर झोपता येत नसेल, तर निदान खिडकीकडे सरकवता येईल अशी खाट हवीच.

गृहिणी: पेट्यांत दोन पोती गहू मावत असतील आणि ती खाट मला एकटीला सरकवता येत असेल, तर माझा विरोध नाही.